पुस्तकाशीं न जुळणारा आंकडा

पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांस पदवीच्या चौथ्या वर्षीं संशोधन करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानें दिली. आमच्या पुतण्यानें ती घेतली, आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेंत तो म्यूऑनचें आयुष्य मोजीत बसला. ‘यानें नोकरी लागते का रे?’ असें आई रोज विचारते. उत्तर आमच्याजवळहि नाहीं.

वाचकहो, हे कण विश्वकिरणांच्या आघातानें वातावरणांत उपजतात. आपल्या तळहाताच्या दर चौरस सेंटीमीटरमधून मिनिटास सुमारें एक पार होतो. क्वचित् एखादा यंत्रांतील प्लास्टिकच्या ठोकळ्यांत थांबतो. थांबतांना एक चमक, विलय पावतांना दुसरी. दोहोंमधील काळ टिपावयाचा, आणि अशा हजारों नोंदींवरून सरासरी काढावयाची. पुस्तकांत ती २.२ मायक्रोसेकंद; पुतण्याची आली २.१.

‘थोड्या नोंदी गाळल्या कीं जुळतें,’ असें तो वहिनींजवळ बोलला, तें आमच्या कानीं पडलें. रागवावें कोणत्या तोंडानें? कॉलेजांत लोलकाच्या प्रयोगांत आम्हीं तेंच केलें होतें, आणि गुणहि घेतले होते.

त्याच्या मार्गदर्शकांनीं मात्र वही जशीच्या तशी ठेवावयास लावली. महिन्याभरानें उलगडा झाला. ऋणभारित म्यूऑन प्लास्टिकांतील कार्बनच्या अणूंत अडकतात, व त्यांतील कांहींना विलयापूर्वींच अणुकेंद्र गिळतें. म्हणून सरासरी तोकडी भरते. पुस्तकांतला आंकडा मोकळ्या म्यूऑनचा.

२.१ आतां प्रबंधांत कारणासह लिहिला गेला आहे. वहिनींनीं सारें ऐकून घेतलें व विचारलें, ‘मग गुण किती कापतील?’