शीण, आळस आणि कोरा चहा

हळद काढणीच्या दिवसांत आखाडा बाळापूरच्या शिवारात आपल्या माता-भगिनी उजाडताच कामाला जातात. पोटात काय असते? सकाळचा कोरा चहा. दुपारी भाकरी, आणि भाकरीवर पुन्हा चहा. "चहाबिगर हातपायच हालत नाहीत, भाऊ," हे वाक्य आम्ही महिला मंडळात कितीदा ऐकले याची मोजदाद नाही. कचेरीत आकडेमोड करणारे आम्हीही टेबलावरच्या कपाच्या आधारानेच दिवस काढतो. तेव्हा हा विषय केवळ मजूर भगिनींचा नाही.

चहाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. याच मराठवाड्यात हॉटेलाबाहेर आपल्या माणसांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असे, आणि पिणाऱ्यालाच ती धुऊन ठेवावी लागे. बाकावर बरोबरीने बसून चहा पिण्याचा हक्क आपण झगडून मिळवला आहे. पाचव्या शीलाचाही येथे भंग होत नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. चहा थकवा घालवत नाही, थकव्याची खबर तेवढी अडवून धरतो.

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. 'आता विश्रांती घे' हा निरोप तेच देते. चहातील कॅफिन त्याची जागा अडवून बसते, म्हणून तरतरी वाटते. पोटात गेलेले निम्मे कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री आठला घेतलेला चहा झोप पातळ करतो, सकाळी अंग जड होते आणि हात पुन्हा भगुन्याकडे जातो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे निम्म्याहून अधिक! रक्त कमी म्हणून शीण, शीण म्हणून चहा, आणि भाकरीवरच्या चहाने रक्त आणखी कमी. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी कित्येक जणी चहाबरोबरच गिळतात. गोळी आणि चहा, जेवण आणि चहा, यांत तासाभराचे अंतर ठेवावे. भाजीवर लिंबू पिळले तर लोह अधिक शोषले जाते.

रक्ताबरोबर थायरॉईड आणि साखर तपासावी. खोकला, ताप, वजन घटणे असेल तर क्षयाचीही तपासणी करावी. आणखी एक तपासणी आपल्या समाजाने विसरू नये, ती सिकलसेलची. विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत हा आनुवंशिक आजार आढळतो, आणि आपल्या सोयरिकी पैनगंगेपलीकडे वाशिम-यवतमाळकडे होतच असतात. वधू-वरांच्या जाहिरातीत उंची, रंग, नोकरी सगळे छापून येते, ही एक ओळ मात्र नसते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

आता ज्यांचे सगळे रिपोर्ट चांगले येतात त्यांचे काय? आमच्या परिचयातील एक अंगणवाडी सेविका २०२१ च्या तापातून उठली ती आजवर पूर्वीसारखी झाली नाही. एक दिवस धुणे-पाणी आटोपले की दोन दिवस अंथरुणाला खिळते. रिपोर्ट चांगला म्हणून घरचे म्हणतात, नाटक आहे. विहारात एकाने 'हे थीनमिद्ध, ध्यान वाढवा' असा सल्ला दिला. एका कार्यकर्त्याने बाबासाहेबांचे उदाहरण देऊन तिला गप्प केले.

सहा महिन्यांहून जास्त टिकणारा, झोपूनही न जाणारा आणि श्रमानंतर उसळणारा थकवा हा आजार असू शकतो. क्रॉनिक फटिग सिंड्रोम किंवा एम.ई. या नावाने तो ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्येच त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली. करोनानंतर अनेकांना असाच थकवा जडला. यावर खात्रीचे औषध अजून नाही. हळूहळू व्यायाम वाढवत नेण्याचा सल्लाही ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेतून काढून टाकण्यात आला.

थीनमिद्धाचा दाखला देणाऱ्यांनी अंगुत्तर निकाय उघडून पाहावा. ध्यानात डुलकी येणाऱ्या महामोग्गल्लानांना तथागतांनी सात उपाय सांगितले. धम्माचे पठण, कान ओढणे, डोळ्यांना पाणी लावणे, चंक्रमण वगैरे. इतके करूनही गुंगी जात नसेल तर शेवटचा उपाय कोणता? उजव्या कुशीवर झोपणे. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'साठी १५ मार्च १९५६ रोजी लिहिलेली प्रस्तावना वाचावी. आजारपणाचा उल्लेख करून आपले आयुष्य लांबवल्याचे श्रेय त्यांनी डॉ. मालवणकर आणि माईसाहेबांना दिले आहे. त्यांनी आजार लपवला नाही, उपचारही नाकारले नाहीत.

त्या सेविका भगिनीने आता कामाचे तुकडे पाडले आहेत. अंग मोडून येण्याआधीच ती थांबते. सहा कपांवरून ती हळूहळू दोनवर आली. एकदम सोडला असता तर डोके दुखले असते. दुपारनंतर चहा नाही. पाणी भरण्याचे काम नवऱ्याने उचलले आहे. सासू अजून कुरकुरते, पण गेल्या महिन्यात स्वतःचे रक्त तपासायला तिच्याबरोबर कळमनुरीला गेली होती.