सागरप्रवाहांचे भाकीत : केवळ गणित पुरेसे नाही

‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ २५ मे २०२५ रोजी बुडाले. सुटलेले कंटेनर आणि सांडलेले तेल कोणत्या किनाऱ्याला लागणार, हा प्रश्न तत्क्षणी उभा राहिला. त्याचे उत्तर केवळ वाऱ्याची दिशा पाहून देता येत नाही. सागरप्रवाहांचे भाकीत लागते. १९९९ साली हैदराबादेत स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही जबाबदारी सांभाळते.

अशा भाकितासाठी समुद्राचे चौकोन पाडून प्रत्येकातील तपमान, क्षारता व वेग यांचे गणित संगणकावर मांडले जाते. खरी अडचण भोवऱ्यांची आहे. शंभर-दोनशे किलोमीटर व्यासाचे हे भोवरे कित्येक आठवडे, प्रसंगी महिनोन्महिने टिकतात आणि प्रवाहाची वाट बदलतात. चौकोन मोठे ठेवले तर ते गणितातून निसटतात. चौकोनाची बाजू निम्मी केली, तर चौकोन चौपट होतात, कालांतरही निम्मे करावे लागते आणि गणनेचा बोजा सुमारे आठपट होतो. साहजिकच मोठ्या संगणकाची मागणी पुढे येते.

ती गैर नाही. पण अपुरी आहे. प्रारंभीच्या स्थितीतील किंचित चूक काही आठवड्यांत भाकिताला वस्तुस्थितीपासून दूर नेते. ती आवरतात प्रत्यक्ष मोजमापे. समुद्रपृष्ठाची उंची मोजण्यासाठी भारत व फ्रान्स यांनी २०१३ मध्ये ‘सरल’ उपग्रह सोडला. ‘आर्गो’ तरंगक दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंतची नोंद देतात. जगातील सुमारे चार हजार तरंगकांपैकी जवळपास निम्मे अमेरिकेचे आहेत. म्हणजे आपल्या भाकिताचा पाया काही अंशी परक्या अंदाजपत्रकावर उभा आहे.

मोजमापांचा लाभ सर्वांना मिळतो; म्हणूनच त्यांचा खर्च उचलण्यास कोणी उत्सुक नसतो. बाजारपेठ हे काम करणार नाही, ते शासनानेच केले पाहिजे. खोल समुद्र मोहिमेसाठी २०२१ मध्ये केंद्राने ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. अशा तरतुदींत तरंगकांना व त्यांच्या नियमित बदलीला हक्काचा वाटा हवा. महासंगणकाचे उद्घाटन थाटात होते, तरंगकाचे होत नाही, एवढ्यावरून अग्रक्रम ठरू नयेत.

शिवाय प्रत्येक भाकिताबरोबर त्याची अनिश्चितताही सांगितली जावी. समुद्रात होडी लोटणाऱ्या मच्छीमाराला खोट्या खात्रीपेक्षा प्रामाणिक शंका अधिक उपयोगी पडते.