धर्माचा रकाना

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फॉर्ममध्ये एखादा रकाना वाढवायला मला पाच मिनिटं लागतात. ‘राहू दे, पुढेमागे लागेल’ असं कोणी म्हटलं की आम्ही तो ठेवून देतो. तो कशासाठी हवा, हे न विचारता मीही असे रकाने बनवले आहेत. ॲमस्टरडॅमची एक गोष्ट वाचल्यापासून मात्र हात थबकतो.

हॉलंडमध्ये नगरपालिका प्रत्येक रहिवाशाचं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि धर्म नोंदवून ठेवत. त्यात वाईट हेतू नव्हता. मे १९४० मध्ये नाझींनी देश घेतला आणि हे दप्तर आयतंच त्यांच्या हाती पडलं. याकोब लेंत्स या डच अधिकाऱ्याने फोटो आणि बोटाच्या ठशाचं, नक्कल करायला अतिशय अवघड असं ओळखपत्र तयार केलं. ज्यूंच्या ओळखपत्रावर ‘जे’ अक्षराचा शिक्का बसला.

प्रतिकार म्हटलं की आपल्याला बंदुका आठवतात. इथे चित्रकार विलेम आरोंडेयस, चेलोवादक फ्रीडा बेलिनफान्ते अशी मंडळी बनावट ओळखपत्रं तयार करत होती. पण संशय आला की ते ओळखपत्र नोंदणी कार्यालयातल्या मूळ कार्डाशी ताडून पाहता येई. आमच्या भाषेत, सर्व्हरवरची नोंद शाबूत होती. म्हणून त्यांनी ती नोंदच जाळायचं ठरवलं.

२७ मार्च १९४३ च्या रात्री पोलिसांच्या वेशात ते कार्यालयात शिरले. हे गणवेश श्युर्ट बाकर या शिंप्याने शिवले होते. पहारेकऱ्यांना इंजेक्शन देऊन झोपवलं, सुखरूप बाहेर नेलं आणि मग स्फोट घडवले. आग विझवणाऱ्यांनी मुद्दाम वेळ लावला, वर गरजेपेक्षा जास्त पाणी मारून उरलेली कार्डं भिजवली. सुमारे आठ लाख कार्डांपैकी १५ टक्के नष्ट झाली. पुढे फितुरी झाली आणि १ जुलैला आरोंडेयस, बाकर यांच्यासह १२ जणांना गोळ्या घातल्या गेल्या.

१५ टक्के म्हणजे काहीच नाही, असं कोणी म्हणेल. ज्याचं कार्ड जळालं, त्याच्यासाठी ते शंभर टक्के होतं. तरीही उशीर झालाच होता. हॉलंडमधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,०२,००० हून अधिक जण मारले गेले.

मग धर्म कुठेच नोंदवू नये का? तसं मी म्हणणार नाही. धर्मनिहाय आकडे नसते, तर २००६ मध्ये सच्चर समितीला आपल्या समाजाचं मागासलेपण दाखवता आलं नसतं. पण आकडा वेगळा आणि नाव, पत्ता, धर्म एकाच ओळीत असलेली यादी वेगळी. आकड्यावरून धोरण ठरतं. यादी हातात आली की दार सापडतं.

आपल्यातले कितीतरी जण आज आयटीत, डेटा एन्ट्रीत, शाळांच्या कार्यालयात, सर्वेक्षणात आहेत. रकाना कोणाच्याही धर्माचा असो, तो वाढवण्याआधी तीन प्रश्न विचारा: कशाला हवा? कोण पाहणार? काम झाल्यावर कधी पुसणार? साहेब वैतागतील, मित्र हसतील. पण बाकरसारखा जीव पणाला लावायची वेळ कोणावर येऊ नये, म्हणून विचारायचं.