मारलेले गोल सगळे मोजतात, अडवलेले कोण मोजणार?

थोडं लांब आहे, पण पोरगं-पोरगी फुटबॉल खेळत असेल तर नक्की वाचा.

आपल्याकडे शालेय फुटबॉलची बातमी येते तेव्हा त्यात स्कोअर असतो आणि गोल मारणाऱ्याचं नाव असतं. मागे उभं राहून अख्खी मॅच हल्ले मोडून काढणारी पोरं त्यात नसतात. आमखास मैदानावरच्या गप्पांतही तेच. एक म्हणतो, गोलच मारले नाहीत तर जिंकणार कसं? दुसरा म्हणतो, गोल खाल्लेच नाहीत तर हरणार कसं? दोघांचंही बरोबर. मग आकडे काय म्हणतात ते बघू.

आयएसएलचा 2020-21 चा हंगाम घ्या. कोरोनामुळे सगळ्या मॅचेस गोव्यातच झाल्या, प्रेक्षकांशिवाय. घरचं मैदान नाही, घरचा आरडाओरडा नाही. दोन शैलींची तुलना करायला याहून चांगली परिस्थिती क्वचितच मिळते.

एका बाजूला सर्जिओ लोबेरा यांची मुंबई सिटी: चेंडू आपल्याकडे ठेवा, पुढे खेळा. दुसऱ्या बाजूला अँटोनिओ हबास यांचं एटीके मोहन बागान: आधी घर सांभाळा, मग संधी साधा. साखळीतल्या 20 सामन्यांनंतर दोघांचे 12 विजय, 4 बरोबरी, 4 पराभव. गुण 40-40!

आता गोल बघा. मुंबईने मारले 35, खाल्ले 18. बागानने मारले 28, खाल्ले 15. नुसते मारलेले गोल पाहिले तर मुंबई भारी, नुसते खाल्लेले पाहिले तर बागान भारी. दोन्ही रकाने एकत्र धरा. मुंबईच्या सामन्यांत एकूण 53 गोल झाले, त्यातले 66 टक्के मुंबईचे. बागानच्या सामन्यांत 43 गोल झाले, त्यातले 65 टक्के बागानचे. म्हणजे जवळपास सारखंच! एकाने जास्त उलाढाल केली, दुसऱ्याने कमी, पण रुपयामागे उरलेला नफा तेवढाच.

आपसातल्या दोन्ही लढती मुंबईने जिंकल्या होत्या, म्हणून शिल्ड मुंबईला मिळाली. पुढे फायनलही मुंबईने 2-1 अशी जिंकली, तीही बिपिन सिंगच्या 90 व्या मिनिटाच्या गोलवर. फरक होता तो एवढाच.

कुणी म्हणेल, मग आक्रमणच श्रेष्ठ. थांबा. 2022-23 मध्ये मुंबईने साखळीत 20 सामन्यांत 54 गोल ठोकले आणि शिल्ड जिंकली. पण सेमीफायनलमध्ये बंगळुरूने पेनल्टी शूटआउटमध्ये बाहेर काढलं. कप नेला साखळीत फक्त 24 गोल मारणाऱ्या एटीके मोहन बागानने. 20 सामन्यांचा हिशोब संघाची ताकद सांगतो. बाद फेरीतल्या दोन-तीन मॅचेस बऱ्याचदा त्या दिवसाचं नशीब सांगतात. आपल्या शालेय स्पर्धा तर बहुतेक बाद पद्धतीच्याच. एका पराभवावरून पोराला 'कच्चा' ठरवताना हे लक्षात ठेवा.

आकडे चुकीचे वाचले तर नुकसानही करतात. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप नावाचे हवाई दलातले अधिकारी 1950 पासून वही-पेन्सिल घेऊन सामने नोंदवायचे. त्यांचा निष्कर्ष: बहुतेक गोल तीन किंवा कमी पासमध्ये होतात, म्हणून चेंडू लवकर लांब पुढे मारा. गडबड कुठे झाली? मुळात बहुतेक चालीच तीन पासच्या आत संपतात. जालना रोडवर सगळ्यात जास्त दुचाकी धावत असतील, तर अपघातातही दुचाकीच जास्त दिसणार. त्यावरून दुचाकी किती धोकादायक ते ठरत नाही. एकूण किती धावल्या, हे आधी विचारावं लागतं.

आता मुद्द्याचं बोलतो. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. शाळेच्या संघात कोण, निवड चाचणीला कुणाचं नाव जाणार, यावर एखाद्या पोराचं पुढचं आयुष्य ठरू शकतं. आणि ही निवड 'याने किती गोल मारले' एवढ्यावरच झाली, तर चांगला डिफेंडर आणि गोलकीपर मागेच राहणार. ज्याच्या कामाची नोंदच नाही, त्याने वशिल्याशिवाय दाद मागायची कशाच्या जोरावर?

यासाठी ना सॉफ्टवेअर लागतं, ना निधी. शंभर पानी वही आणि बाकावर बसलेला राखीव खेळाडू पुरे. प्रत्येक मॅचला पाच गोष्टी लिहा: कोण किती मिनिटं खेळला, तो मैदानात असताना किती गोल झाले, किती खाल्ले, गोलवर किती फटके आले, कीपरने किती अडवले. आणि समोरचा संघ कोणता, हेही. दुबळ्या संघाला मारलेले सहा गोल आणि तगड्या संघाला दिलेली 0-0 ची झुंज एकाच तराजूत तोलू नका.

शाळांनी आणि क्लबांनी हे याच हंगामापासून सुरू करावं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने स्पर्धेच्या गुणपत्रिकेतच हे रकाने छापून द्यावेत आणि निवड समितीने ती वही मागून बघावी. पत्रकार मित्रांनो, बातमीत गोल मारणाऱ्यासोबत गोलकीपरचंही नाव टाका. एक ओळ वाढेल, बाकी काही नाही.

तुमच्या शाळेत किंवा क्लबमध्ये अशी नोंद कुणी ठेवतं का? ठेवत असेल तर कशी, ते कमेंटमध्ये लिहा. बाकीच्यांना उपयोग होईल.