खाजण म्हणजे पडीक जमीन नव्हे

डहाणू म्हटलं की चिकू आणि बोर्डीचा किनारा. आता यादीत 'प्लॉट'ही आलाय. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं आणि कॅन्टीनच्या गप्पांत डहाणूचा भाव वधारला. त्यात एक वाक्य हमखास असतं, "खाडीकडेला नुसता चिखल आहे रे, भराव टाकला की झालं!"

इथेच घोडं पेंड खातं. कारण हा चिखल आला कुठून, हे कुणी विचारतच नाही.

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. कोकणातल्या नद्यांनी तेव्हा बसाल्टच्या काळ्या कातळात दऱ्या कोरल्या. पुढे बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि दऱ्यांची तोंडं बुडाली. त्याच आपल्या खाड्या. मग रोज दोनदा येणारी भरती आणि पावसाळ्यातली नदी त्यात गाळ टाकत राहिली, तिवरांनी तो धरून ठेवला. थोडक्यात, खाजण म्हणजे बुजत आलेली दरी. वर सपाट दिसते, पण खाली कातळ किती खोल आहे ते नुसतं बघून कळत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर खाजण हा बफर आहे. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की पाणी तिथे थांबतं. बफर काढला म्हणून डेटा यायचा थांबतो का? तो ओव्हरफ्लो होतो, आणि शेजारच्या गावात शिरतो.

शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले. कातळावरचा हादरा आणि मऊ, ओल्या गाळावरचा हादरा सारखा नसतो. गाळ तो वाढवतो. १९८५ साली मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या गाळावरच्या इमारती कोसळल्या, तेव्हा भूकंपाचं केंद्र शेकडो किलोमीटर दूर होतं.

कायदे नाहीत असंही नाही. १९९१ सालीच केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातल्या तिवरांच्या तोडीवर बंदी घातली.

बंदर हवं की नको, यावर जरूर भांडा. पण मंडळी, प्लॉट बघायला गेलात तर एवढं विचाराच: या मुरुमाखाली काय आहे? एजंटने प्रश्न हसण्यावारी नेला, तर चिकू घ्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत या.