मुंबई दर्शन, टाइमटेबलसकट

आमच्या मार्केटिंगच्या धंद्यात एक साधा फंडा आहे. क्लायंटला आधी काहीतरी चकाचक दाखवायचं, मग पोटभर जेवायला घालायचं आणि किंमत सगळ्यात शेवटी सांगायची. गेल्या जानेवारीत मी हा फंडा चक्क आई-आप्पांवर वापरला.

त्याचं असं झालं. नोव्हेंबरात आई कराडच्या घरी बाथरूममध्ये पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण चांगलाच मुका मार बसला. चार दिवस अंथरुणात. मला हे कळलं तिसऱ्या दिवशी, तेही शेजारच्या काकूंकडून. "तुला उगीच कशाला काळजी," हे आईचं स्पष्टीकरण. त्या रात्री मी आणि बायकोने ठरवलं, बास झालं. आप्पा एकाहत्तर, आई सहासष्ट. आता दोघांना ठाण्याला आणायचं. वन बीएचके विकायचा, टू बीएचके घ्यायचा. ईएमआयचं गणितही मांडून झालं.

अडचण एकच. 'कायमचे या' असं थेट म्हटलं असतं तर आप्पांनी विषय बदलून पाऊसपाण्यावर नेला असता. म्हणून म्हटलं, "मुंबई बघायला या. चार दिवस." आप्पा चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेत. मुंबईतल्या इमारतींच्या सनावळ्या त्यांना पाठ, पण स्वतः मुंबईत आले दोनदा. दोन्ही वेळा मंत्रालयात फाइलसाठी, आणि दोन्ही वेळा रात्रीच्या गाडीने परत. आईने मुंबई पाहिली ती फक्त सिनेमात.

मी एक्सेल शीट बनवली. शुक्रवार ते सोमवार, तासागणिक रकाने, प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. हसू नका मंडळी, तुमच्याकडे गावाहून कुणी येणार असेल तर तुम्हीही हेच करता.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने ठाण्याला यायचं तर शेवटपर्यंत जायची काही गरज नाही. पण मी बजावलं होतं, सीएसएमटीलाच उतरा. ती इमारत म्हणजे माझी स्लाइड नंबर वन. शुक्रवारी सकाळी दोघं उतरले. दोन बॅगा, एक पिशवी, तिळाच्या वड्यांचा डबा आणि आप्पांची छत्री. जानेवारीत छत्री! बाहेर आलो तर आप्पा फुटपाथवर थांबले ते थांबलेच. मान वर.

"ते बघ," म्हणाले. "गेटच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे आपण."

मी बघितलं. खरंच वाघ होता. नऊ वर्षं मी रोज त्या स्टेशनातून बाहेर पडतोय. खाली मान, नजर घड्याळाकडे, पाय सबवेकडे. मला वाघ माहीत नव्हता. आप्पांचा तास सुरूच होता. स्टीव्हन्स नावाचा आर्किटेक्ट, १८७८ मध्ये काम सुरू झालं, १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तिचं नाव दिलं, १९९६ मध्ये ते बदलून शिवाजी महाराजांचं दिलं, २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत. वर घुमटावर उभी आहे ती बाई म्हणजे 'प्रगती'. दोन-चार जणांनी चालता चालता वर बघितलं, हेही सांगायला हवं.

"अहो, बॅगा सांभाळा," आई म्हणाली. "सिंह काय पळून जात नाही."

पुढची चाल माझी जाम हुशार होती. सकाळी सगळी मुंबई लोकलने दक्षिणेकडे येत असते, तेव्हा उलट ठाण्याकडे जाणाऱ्या गाड्या अगदी रिकाम्या असतात. खिडकीची जागा, समोरच्या बाकावर बॅगा. आई म्हणाली, "उगीच नावं ठेवतात की रे लोकलला. छान आहे." मी काहीच बोललो नाही. खोटं बोललो नाही, फक्त गाडी निवडली. आप्पा खिडकीतून रूळ बघत होते. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला याच मार्गावर धावली, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, तीन इंजिनं. साहिब, सिंध आणि सुलतान. चारशे माणसं होती म्हणे. "सगळ्यांना बसायला जागा होती," आप्पा म्हणाले. तेव्हा मला तो टोमणा वाटला नव्हता.

शनिवारी गेटवे आणि एलिफंटा. गेटवेला आप्पांनी नातीला सांगितलं, की पंचम जॉर्ज राजा १९११ मध्ये आला, पण त्याच्या स्वागताची ही कमान पुरी झाली १९२४ मध्ये. "म्हणजे पाहुणे गेल्यावर मंडप," नात म्हणाली. पहिल्या वर्गात पहिली यायला हरकत नाही. १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून परत गेली, हेही त्यांनी सांगितलं, पण तोवर लेकीचं सगळं लक्ष लाँचमागून उडणाऱ्या सीगलकडे लागलं होतं.

घारापुरीला धक्क्यापासून छोट्या आगगाडीने गेलो आणि पायऱ्यांपाशी माझ्या एक्सेल शीटने मान टाकली. शंभराहून जास्त पायऱ्या, आणि आईचे गुडघे. खुर्चीची डोली मिळते. चार माणसं उचलून नेतात. आईने त्या माणसांकडे बघितलं आणि साफ नाही म्हणाली. "माझं ओझं दुसऱ्यानं कशाला वाहायचं? तुम्ही जाऊन या. मी इथं बसते." पायथ्याला चिंचा-बोरं विकणारी एक बाई होती. तिच्या शेजारी आई बसली.

आम्ही वर गेलो. त्रिमूर्ती बघितली. जवळजवळ वीस फूट उंच, अंधारातून हळूहळू समोर येते. तिथं मात्र आप्पा एक शब्द बोलले नाहीत. लेकीने विचारलं, "बेटाचं नाव एलिफंटा, मग हत्ती कुठाय?" आप्पा म्हणाले, "हत्ती राणीच्या बागेत!" पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला नाव दिलं, तो आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. मला अर्थातच हे नवीन होतं. रविवारी सकाळी तोही बघून आलो. पेंग्विनपेक्षा आप्पांना तोच आवडला.

दीड-दोन तासांनी खाली आलो तर आई त्या बाईला बोरं निवडून देत होती. गिऱ्हाइकाशी भावसुद्धा करत होती. लाँचमध्ये बसल्यावर आईने आम्हाला अख्खं बेट सांगितलं. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत. चोवीस तास वीज आली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. संध्याकाळी शेवटची लाँच गेली की बेट गावकऱ्यांचं. त्या बाईची सून पनवेलला नोकरीला आहे आणि तिला बेटावर राहायचं नाही. "समोर एवढी मुंबई दिसते," आई म्हणाली, "आणि वीज २०१८ मध्ये." आम्ही लेणी बघून आलो होतो, पण घारापुरी बघितली ती आईने.

रविवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. इथे डील क्लोज करायचं, असं शीटमध्ये लिहिलं नव्हतं, पण डोक्यात होतं. सीएसएमटीहून मुद्दाम डबल डेकरने निघालो. आईला वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली आणि तरी ती नाराज. जुन्या लाल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. आताच्या एसी आणि इलेक्ट्रिक, म्हणजे काचा बंद. "वारा कुठाय?" आईने विचारलं. सिनेमात हिरॉइनचे केस उडायचे ना!

कट्ट्यावर बसलो. सूर्य बुडाला, मलबार हिलपर्यंत दिवे लागले. हाच तो राणीचा हार. लेक आणि बायको भेळ आणायला गेल्या. आई म्हणाली, "ही एवढी माणसं रस्त्याकडे पाठ करून का बसलीत?" मी म्हटलं, "दिवसभर रस्ताच बघतात ना. आता समुद्र बघतात." एवढं बरं वाक्य माझ्या एकाही प्रेझेंटेशनमध्ये आलं नव्हतं. तीच संधी साधून विषय काढला. टू बीएचके. लिफ्ट. आईसाठी कमोडशेजारी धरायला दांडा. दहा मिनिटांवर हॉस्पिटल. नातीला आजी-आजोबा. खाली बाग, बागेत ज्येष्ठ नागरिक कट्टा. आणि शेवटी किंमत, म्हणजे कराडचं घर भाड्याने द्यायचं. विकायचं नाही, भाड्याने.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. रोज संध्याकाळी साडेपाचला ते प्रीतिसंगमावर जातात. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात ते बघत चौघे मित्र बसतात. पूर्वी सहा होते. मला वाटलं आता तेच सांगणार. पण ते म्हणाले, "उद्या मला तुझी रोजची गाडी दाखव."

सोमवार शीटमध्ये संग्रहालयाचा होता. मी खूप आढेवेढे घेतले. बायको म्हणाली, "आप्पा, नका हो, चेंगराल." आप्पा म्हणाले, "हा रोज जातो, चेंगरला का?"

ठाण्याहून ८.४१ ची फास्ट. फर्स्ट क्लासचं तिकीट काढलं, पण त्या वेळेला फर्स्ट आणि सेकंडमध्ये फरक फक्त परफ्यूमचा असतो. गाडी थांबायच्या आत लाट आली आणि आप्पा पायांनी चढलेच नाहीत, उचलले गेले. "काका, आत सरका, आत!" कुणीतरी त्यांची छत्री वरच्या रॅकवर टाकली. कुणीतरी उठायला बघत होता, आप्पांनी हातानेच नको म्हटलं आणि वरची कडी पकडली. मी दोन माणसांपलीकडे, बॅग पोटाशी. मला त्यांचा फक्त हात दिसत होता. खडूने घासलेली, शिरा आलेली बोटं. घाटकोपरला आणखी लाट आली. तो हात हलला नाही. मी मात्र दादरपर्यंत श्वास रोखून होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला ती गाडी लांब वाटली.

दादरनंतर थोडी जागा झाली. ते माझ्याजवळ आले.

"रोज?"

"रोज."

"येताना?"

"येताना जास्त."

सीएसएमटीला उतरलो. बाहेर आल्यावर त्यांनी परत वर बघितलं, यावेळी मीही बघितलं. समोर चहा घेतला. कपातला चहा बशीत ओतता ओतता आप्पांनी तोंडी गणित घातलं.

"घरी किती वाजता पोचतोस?"

"साडेआठ. कधी नऊ."

"आणि पोरगी झोपते किती वाजता?"

"नऊ."

"म्हणजे पोरीच्या वाट्याला तू अर्धा तास. त्यात आम्ही दोघं आलो, तर आमच्या वाट्याला किती?" मी गप्प. "कराडला रविवारी फोनवर तू आम्हाला पाऊण तास मिळतोस. मी घड्याळ लावून बघितलंय." मग म्हणाले, "तुझ्या आईनं चार दिवसांत मोजलं. आपल्या घराबाहेरची किती माणसं तिच्याशी बोलली? तुमच्या बिल्डिंगमधला वॉचमन, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आणि ती बेटावरची. ती बेटावरची सगळ्यात जास्त बोलली. नोव्हेंबरात ती पडली, तेव्हा दोन मिनिटांत शेजारच्या आल्या. इथं तुमच्या समोरच्या दारावर कुणाचं नाव आहे?"

मला ते नाव आठवलं नाही. आडनाव येत होतं, तेही कुरिअरवाल्यामुळे.

आप्पांचं सगळंच बरोबर आहे असं नाही. शेजारच्या काकू स्वतः अडुसष्टच्या आहेत. पुढच्या वेळी दोन मिनिटांची पाच होतील. हे मी म्हणालो. ते म्हणाले, "होतील," आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले. मी ऑफिसात हाफ डे टाकला. दुपारी ठाण्यात समोरच्या दाराची बेल वाजवून आईने तिळाच्या वड्या देऊन टाकल्या. आत गेली ती तासाने आली.

रात्री ८.२० ची महालक्ष्मी, यावेळी ठाण्याहूनच बसवून दिली. गाडी हलता हलता आप्पांनी खिडकीतून एक घडी केलेला कागद दिला. वहीचं पान, पट्टीने आखलेले रकाने. शुक्रवार ते सोमवार. शनिवार, सायंकाळी ५.३०, प्रीतिसंगम. रविवार, सकाळी, बाथरूममध्ये दांडा बसवणे (गवंडी सांगून ठेवला आहे). तारखेचा रकाना कोरा.

तो भरायला मला पाच आठवडे लागले. बॉसला सांगून दोन दिवस काढले आणि आम्ही तिघं कराडला गेलो. दांडा बसला. स्टीलचा, चांगला जाड. संगमावर आप्पांच्या मित्रांनी मला माझ्या पगारापासून गुडघ्यांपर्यंत सगळं विचारलं. टू बीएचकेचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही, पण ब्रोकरचा नंबर मी अजून डिलीट केलेला नाही.

काल आईचा फोन होता. म्हणाली, "दांड्याचा मला फार उपयोग होतोय. पण ह्यांना सांग जरा काहीतरी. आंघोळीला गेले की दांडा धरून उभे राहतात आणि ओरडतात, पुढील स्टेशन दादर!"