सहीसाठी अडलेला मराठवाडा

बिलोलीत मोर्चा तहसीलवर गेला, घोषणा झाल्या, की शेवटी निवेदन दिले जाते. विषय पीकविम्याचा असो, मांजरेतल्या वाळूउपशाचा असो की आरक्षणाचा, मायना बऱ्याचदा एकच असतो: प्रति, मा. राष्ट्रपती महोदय, राष्ट्रपती भवन, नवी दिल्ली, मार्फत, मा. तहसीलदार, बिलोली. आवक शिक्का उमटतो, पोच मिळते, मंडळी पांगतात. या मायन्यामागचा विश्वास मला मोलाचा वाटतो. म्हणूनच राष्ट्रपतींच्या हाती नेमके काय आहे, हे तेलंगण सीमेवरच्या आपल्या माणसांना नीट कळले पाहिजे. मराठवाड्यापुरती एक गोष्ट त्यांच्या हाती खरोखर आहे आणि ती राज्यघटनेत आपल्या नावानिशी लिहिलेली आहे.

राष्ट्रपती स्वतःच्या मर्जीने कारभार करत नाहीत. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हे पद इंग्लंडच्या राजाच्या पदाशी ताडून दाखवले होते: राष्ट्राचा प्रमुख, पण कार्यकारी सत्तेचा नव्हे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला त्यांच्यावर बंधनकारक केला. 44 व्या घटनादुरुस्तीने तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. के. आर. नारायणन यांनी 1997 मध्ये ती वापरली. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी परत पाठवली आणि केंद्राने ती सोडून दिली. उलट 1975 च्या जूनमध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांनी मंत्रिमंडळाची बैठक होण्याआधीच आणीबाणीवर रात्रीतून सही केली. आपल्या राज्याने 23 नोव्हेंबर 2019 ची पहाट पाहिली आहे. मंत्रिमंडळाची बैठक न घेता, नियमातल्या खास तरतुदीचा आधार घेऊन राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी आठच्या सुमारास शपथविधी झाला. एवढे पाहिल्यावर ‘नुसता रबरी शिक्का’ हा शेरा मला पटत नाही. शिक्का कधी उमटतो आणि कधी उमटत नाही, यावर लाखो लोकांचे नशीब हलते.

आपला भाग तर हे पहिल्या दिवसापासून अनुभवतो आहे. अर्जापूरजवळ 1946 मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. हैदराबाद मुक्तिलढ्यातले हे बलिदान बिलोली तालुक्याच्या मातीत घडले. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. तरीही 26 जानेवारी 1950 ला राजेंद्रबाबू राष्ट्रपती झाले, तेव्हा हैदराबाद राज्याचे राजप्रमुख म्हणून मान्यता मिळाली ती निजाम मीर उस्मान अली खान यांनाच. ज्याच्या सत्तेविरुद्ध माणसे लढली, तोच पुढची सहा वर्षे घटनात्मक प्रमुख म्हणून डोक्यावर राहिला. सातव्या घटनादुरुस्तीने राजप्रमुखपद गेले आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

त्याच सातव्या घटनादुरुस्तीने कलम 371 नव्याने लिहिले आणि त्यात मराठवाड्याचे नाव आले. राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतात: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे, त्यांच्या कामाचा दरवर्षी विधानसभेपुढे अहवाल, विकासनिधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाची आणि राज्याच्या नोकऱ्यांत पुरेशा संधींची व्यवस्था. मराठवाडा बिनशर्त सामील झाला, असे आपण अभिमानाने सांगतो. पण घटनेने आपल्यासाठी ही हमी लिहून ठेवली होती.

फक्त आदेश निघत नव्हता. निघणार कसा? मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशिवाय राष्ट्रपतींची लेखणी उचलली जात नाही आणि सल्ला द्यायची कोणाला घाई नव्हती. मराठवाडा जनता विकास परिषदेच्या व्यासपीठावरून गोविंदभाई श्रॉफ वर्षानुवर्षे हे मांडत राहिले. वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा अनुशेष रुपयांत मोजला, तेव्हा सुमारे 3,187 कोटींपैकी साडेसातशे कोटींचा वाटा मराठवाड्याचा निघाला. त्याच वर्षी विधिमंडळाने मंडळांसाठी ठराव केला. त्यानंतरही दहा वर्षे गेली. शंकर दयाळ शर्मा राष्ट्रपती असताना 9 मार्च 1994 ला आदेश निघाला आणि मंडळे उभी राहिली. 1956 ते 1994, अडतीस वर्षे! जन्मलेले पोर चाळिशीला टेकते, एवढा काळ एक सही घेते आणि त्या काळात धरणे, महाविद्यालये, नोकऱ्या दुसरीकडे जातात.

मंडळांनी सगळे साधले असे नाही. पण निधी कसा वाटायचा याचे निर्देश राज्यपाल सरकारला देऊ लागले आणि वाटपाला जाब विचारणारी एक जागा तयार झाली. 30 एप्रिल 2020 ला मंडळांची मुदत संपली. मुदतवाढ वेळेत झाली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला, पण त्यासाठीचा आदेश पुन्हा अडला. पुढच्या वर्षी छत्रपती संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक झाली, हजारो कोटींचे पॅकेज जाहीर झाले. पॅकेजचा मला राग नाही. पण पॅकेज सरकारच्या मर्जीवर असते. 371 चा आदेश घटनेतून येतो आणि त्याचा हिशेब विधानसभेपुढे ठेवावा लागतो. आपल्याला हा आदेश हवा.

सीमाभागातली काही गावे अधूनमधून ‘आम्हाला तेलंगणात जाऊ द्या’ म्हणतात. येसगीचा पूल ओलांडला की सालुरा, पुढे बोधन. तिकडच्या शेतकऱ्याला काय मिळते ते रोज डोळ्यांसमोर असते. त्यांचा त्रागा मला कळतो. पण ती वाटही राष्ट्रपती भवनावरूनच जाते. राज्याची हद्द बदलणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय संसदेत मांडता येत नाही आणि त्याआधी ते संबंधित विधानसभेकडे मत मागायला जाते. आंध्रच्या विधानसभेने 2014 च्या जानेवारीत विभाजन फेटाळले, तरी जूनमध्ये तेलंगण झाले, कारण दिल्लीने मनावर घेतले होते. बिलोलीसाठी दिल्ली मनावर घेईल, याची चिन्हे मला दिसत नाहीत. 371 ची वाट जवळची आहे. त्यासाठी गाव सोडावे लागत नाही.

ही वाट आपल्या आमदारांच्या दारातून जाते. राष्ट्रपती निवडताना आमदार गुलाबी मतपत्रिकेवर, आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने पसंतीक्रम लिहितात. पक्षादेश तिथे चालत नाही. प्रतिभाताई पाटील 2007 मध्ये उभ्या राहिल्या, तेव्हा शिवसेनेने आघाडी बाजूला ठेवून त्यांना मत दिले, ते मराठी उमेदवार म्हणूनच. 1971 च्या लोकसंख्येवर मताचे मूल्य ठरते. 2022 च्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराचे एक मत 175 चे होते, मांजरेपलीकडच्या बोधनच्या आमदाराचे 132 चे. बिलोली ज्यात येते त्या देगलूर मतदारसंघाच्या प्रतिनिधीकडे एवढे वजनदार मत असते. त्यांनी आणि मराठवाड्यातल्या सगळ्या आमदारांनी येत्या अधिवेशनात पक्ष बाजूला ठेवून तारांकित प्रश्न टाकावा: 2022 च्या निर्णयाचा प्रस्ताव कोणत्या तारखेला केंद्राकडे गेला, गृह मंत्रालयाने त्यावर काय शेरा मारला, राज्याने त्यानंतर किती स्मरणपत्रे पाठवली? उत्तर लेखी मागावे आणि ते बिलोलीच्या ग्रामसभांत वाचून दाखवावे.